गड्ड्याची बडीशेप

२१ सप्टेंबर २०२५, रविवार

भूषणनं सांगितलं म्हणून लिहायला बसलो. "बाबा, कवा पेरलं, कवा उगवलं, पाणी किती दिलं, सगळं लिहीत जा. काही बिघडलं तर मला फोनवर सांगता येईल." पोरगा पुण्याला मोठ्या हॉटेलात स्वयंपाकी आहे. परवा येऊन गेला, जाताना बियांचं पाकीट ठेवून गेला. बी आपल्या बडीशेपेसारखंच. पण ह्या जातीला बुडाशी कांद्यासारखा पांढरा गड्डा धरतो आणि तो खायचा असतो. कच्चा चिरून, नाहीतर शिजवून. आमच्या कुरुंद्यात कुणी लावलेली ऐकली नाही. इथं सगळी हळद.

तीस वर्षं मी एसटी चालवली, वसमत आगारात. घरी यायचो ते झोपायला. घरामागची बाग केशरची. वांगी, मिरच्या, चुका, आंबाडी, सगळं तिच्या हातचं. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, पण त्या बागेत माझं म्हणावं असं एक झाड नाही. पाहुण्यासारखा खुर्ची टाकून बसतो.

आज सकाळी केशर विहारात गेली होती. वर्षावास चालू आहे. ग्रंथ तीच वाचते, वंदनाही तीच सांगते. आवाज असा की माईक लागत नाही. ती येईपर्यंत मी भिंतीकडचा वाफा मोकळा केला. तिथं तिचा शेपू होता.

आली आणि तशीच पिशवी हातात धरून उभी राहिली.

"शेपू काहून उपटला?"

"बडीशेप लावायची हाय. भूषणनं बी दिलंय."

"फुलावर आला हुता. बी धरायचं हुतं मला. इचारायचं तरी!"

"ह्या घरात एक वाफा बी माझा न्हाई का?"

मग ती सुरूच झाली. तीस वर्षांचा हिशेब काढला. मी कुठल्या सणाला घरी नव्हतो, कोणत्या दुखण्यात नव्हतो. मला राहवलं नाही. म्हणालो, "तुझं तोंड लई चालतं. कवातरी गप बसत जा."

गप बसली. संध्याकाळी जेवायला वाढलं तेव्हाही एक शब्द नाही.

२६ सप्टेंबर

पाऊस थांबायचं नाव घेत नाही. वाफ्यात चिखल झाला. चहाचे कागदी कप आणले, बुडाला भोकं पाडली, माती आणि शेणखत भरून एकेका कपात दोन दोन बिया टाकल्या. कप पत्र्याखाली ओळीनं मांडले. भूषण म्हणाला, ह्या रोपाच्या मुळाला धक्का लागला की ते रुसतं, गड्डा न धरता सरळ फुलावर जातं. लावताना कप फाडून मातीसकट ठेवायचं.

रुसणारी घरात एक आहेच. ताट वाढते, ठेवते, निघून जाते. मीही आपणहून बोललो नाही. बघू कोण आधी बोलतं.

२ ऑक्टोबर, गुरुवार

धम्मचक्र प्रवर्तन दिन. पांढरे कपडे घालून दोघंही विहारात गेलो, ती पुढं, मी मागं. वंदनेची वेळ झाली तसे सगळे केशरकडं बघू लागले. तिनं मान हलवली आणि शेजारच्या गल्लीतल्या राणीला खूण केली. ती कालची पोरगी, घाबरत घाबरत सांगू लागली, दोनदा चुकली.

नंतर जो तो मला विचारतोय, "काकूला काय झालं?" मी सांगितलं, "घसा बसलाय." दुसरं काय सांगणार? पण डोक्यात राग गेला. माझ्यावर रुसायचं तर रुस, घरातलं भांडण विहारात कशाला न्यायचं? बुद्धासमोर तरी तोंड उघडायचं.

७ ऑक्टोबर

उगवली! केसासारखी बारीक हिरवी पानं, दोन दोन. जवळजवळ सगळ्या कपात. सकाळी राग विसरून मीच आधी हाक मारली, "केशर, ये, बघ." आली. वाकून बघितलं. मला वाटलं आता बोलेल. पण तिनं कानावर हात ठेवला आणि आत गेली. आत जाऊन बघतो तर कानात तेलाचा बोळा घालून बसलेली. म्हणजे माझं ऐकायचंसुद्धा नाही.

ठीक आहे. एसटीत तीस वर्षं पाठीमागच्या लोकांशी न बोलता काढली. मला सवय आहे.

१९ ऑक्टोबर

पाऊस गेला, ऊन पडलं. आज रोपं वाफ्यात लावली. वीतभर अंतर सोडून. कप फाडताना बोटं वळत नव्हती, एवढं नाजूक काम कधी केलं नाही. वर्षानुवर्षं स्टिअरिंग धरलेला हात. एकही मूळ तुटलं नाही. ओळीत उभी राहिलेली रोपं बघून पोटभर जेवलो.

केशर हल्ली माझ्यासोबत बसत नाही. चुलीपाशी पाठ करून बसते. भाकरी वरणात भिजवून, कुस्करून, पातळ करून घेते. काल बघितलं, अर्धी कुत्र्याला घातली.

२ नोव्हेंबर, रविवार

पानं आता मोरपिसासारखी सुटली आहेत. हात लावला की बडीशेपेचा वास येतो. मी दिवसातून दहा वेळा हात लावतो.

केशर बारीक झाली. चोळी सैल पडते. आधी तिचे गुडघे दुखायचे, डॉक्टर म्हणायचे वजन कमी करा. तर हे एक चांगलं झालं. हट्टानं का होईना.

९ नोव्हेंबर

जिवनबाई आली होती. तांड्यावरची. हळदीच्या निंदणीला इकडं येते आणि जाताना केशरशी अर्धा तास बोलून जाते, वीस वर्षं झाली. आज दोघी न्हाणीच्या आडोशाला बसल्या होत्या. बोलण्याचा आवाज एकीचाच येत होता, जिवनबाईचा. माझी चाहूल लागली तशी तीही थांबली.

जाताना माझ्याजवळ आली. "रामजीदादा, बाई लई वाळून गेली."

"हट्ट हाय तिचा. जेवत न्हाई."

"हट्ट?" ती माझ्याकडं बघतच राहिली. "घरात तुमी दोघंच. जरा बसून इचारा की."

मी म्हणालो, "बोलू दे ना तिला. मी कुटं तोंड धरलंय?" ती विळा उचलून गेली. बायका बायकांचीच बाजू घेणार.

१३ नोव्हेंबर

मावा पडला. कोवळ्या पानांच्या खाली हिरवट किडे, नुसते चिकटून बसलेले. भूषणला फोटो पाठवला. साबणाचं पाणी मारा म्हणाला. दुपारभर एकेक पान उलटं करून धुतलं.

मधेच केशर येऊन वाफ्याच्या कडेला उभी राहिली. पदर गळ्याभोवती गुंडाळलेला, हातात एक चिठ्ठी होती, औषधाच्या दुकानातली असते तशी. ओठ हलले. मला काही ऐकू आलं नाही. मी फवारणीचा पंप हाणत होतो. म्हणालो, "भांडायचं असंल तर मोठ्यानं भांड." पुन्हा ओठ हलले. "मोठ्यानं!" मी ओरडलो. थोडा वेळ उभी राहिली, मग गेली.

पंप खाली ठेवून जायला हवं होतं. पण मावा आज धुतला नसता तर सगळी पानं गेली असती.

२२ नोव्हेंबर

दुपारी जमीन गुरगुरली. आपल्या भागात हे नवीन नाही, पण आजचा आवाज मोठा होता. मी आतल्या खोलीत झोपलो होतो. झोपेत ठणठण ऐकू आलं, जसं कुणी पितळी वाजवतंय. डोळे उघडले तर केशर उशाशी उभी, हातात ताट आणि पळी, माझ्या डोक्याशी बडवतेय. भिंतीवरचा आरसा हलत होता. दोघं धावत बाहेर आलो. काही पडलं नाही, कुणाला लागलं नाही. कौलं थोडी सरकली.

बाहेर आल्यावर मी म्हणालो, "घर अंगावर पडायची येळ आली तरी नावानं हाक मारवत न्हाई तुला? ताट बडवतीस?"

तिच्या डोळ्यात पाणी आलं. ताट तसंच छातीशी धरून पायरीवर बसली. मला पहिल्यांदा वाटलं, हे भांडण आता फार लांबलं. जवळ जाऊन बसावं असं वाटलं. मग वाटलं, आधी रोपं बघून यावीत. रोपं ठीक होती. परत आलो तर ती आत जाऊन निजली होती.

६ डिसेंबर

महापरिनिर्वाण दिन. केशर विहारात आलीच नाही. मी एकटा गेलो. थंडी चांगली पडली आहे. ही थंडी बडीशेपेला लागते.

बुडाशी फुगवटा दिसायला लागला, अंड्याएवढा. मातीची भर घातली, म्हणजे गड्डा पांढरा राहतो. एक रोप मात्र मधूनच दांडा काढून वर चाललंय. ते वाया गेलं.

१७ डिसेंबर

भूषणचा फोन. आधी मी बोललो, गड्ड्यांचं सगळं सांगितलं. मग म्हणाला, "आईला द्या." मी फोन तिच्याकडं केला. तिनं हातानं नको म्हटलं. मी म्हणालो, "माझ्याशी न्हाई तर न्हाई, लेकराशी तरी बोल." तिनं फोन घेतला, कानाला लावला, जरा वेळ धरला आणि परत दिला.

भूषण म्हणाला, "बाबा, आई नुसती हवा सोडल्यासारखं का करतीय?"

"रुसलीय."

"कवापासून?"

मी सांगितलं. त्यानं पुन्हा एकदा तारीख विचारली. मग म्हणाला, "मी येतो."

वर्षाच्या शेवटी हॉटेलात गर्दी असते, सुट्टी मिळत नाही, हे मला माहीत आहे. तरी म्हणाला, येतो.

२० डिसेंबर, शनिवार

भूषण सकाळी आला. पिशवी ठेवली आणि सरळ आईपुढं जाऊन बसला. तिच्या गळ्याभोवतीचा पदर त्यानं सोडवला. मानेच्या डाव्या बाजूला गाठ होती. लिंबाएवढी.

मी ती आजच पाहिली. एका घरात राहून.

"बाबा, हे काय हाय?" त्यानं विचारलं. लगेच गाडी केली आणि नांदेडला निघालो.

२३ डिसेंबर

नांदेडच्या दवाखान्यात. नळी घालून बघितलं, गाठीत सुई घालून पाणी तपासलं. डॉक्टर तरुण आहेत, हळू बोलतात. अन्ननलिकेच्या तोंडाशी कॅन्सर आहे. आवाजाच्या पेटीला धरलंय, मानेत उतरलंय. कानात दुखतं ते त्याचंच. गिळता येत नाही ते त्याचंच.

डॉक्टरांनी विचारलं, "आवाज कधीपासून गेला?"

भूषणनं माझ्याकडं बघितलं. नर्सनंही बघितलं. घरात राहणारा मीच. मी म्हणालो, "ती माझ्याशी बोलत नव्हती."

डॉक्टरांना कळलं नाही. त्यांनी पुन्हा विचारलं. मीही पुन्हा तेच सांगितलं.

२४ डिसेंबर

नाकातून नळी घातली. आता त्यातूनच दूध, पेज. भूषण औषधं आणायला गेला तेव्हा मी खाटेशी बसलो. तिच्या तोंडाशी कान नेला. इतक्या जवळ गेलं की ऐकू येतं. वाळलेल्या पानासारखा आवाज, पण शब्द कळतात.

"काहून सांगितलं न्हाईस?" मी विचारलं.

"पयले आठ दिस रुसलेच हुते," ती म्हणाली. दम घेतला. "मग म्हणलं, जाऊ दे, बोलावं. तर आवाज निघंना."

"आधीपासून दुखत हुतं?"

"उन्हाळ्यापासून टोचत हुतं."

तीच पुढं म्हणाली, "जिवनबाईसंगं गावातल्या डाक्टरकडं गेले हुते. त्यानं चिठ्ठी दिली, घरच्याला घेऊन नांदेडला जा म्हणला. मी आले की सांगायला. वाफ्यापाशी."

"पंप चालू हुता, केशर."

"व्हय." तिनं डोळे मिटले. "पंप चालू हुता."

रागावली असती तर बरं झालं असतं.

२ जानेवारी २०२६

घरी आणलं. किरणांचा शेक द्यायचा म्हणाले तर अंगात ताकद नाही, आधी वजन वाढू द्या. डॉक्टरांनी भूषणला बाजूला घेऊन बाकीचं सांगितलं. भूषणनं मला गाडीत सांगितलं, ती मागं झोपली होती तेव्हा. आता वजन वाढायची वाट बघायची, आणि ते वाढणार नाही.

भूषणनं मोठी सुट्टी घेतली. नळीतून कसं द्यायचं ते आम्ही दोघं शिकलो. आधी पाणी, मग पेज, मग पुन्हा पाणी. डोकं उंच ठेवायचं. माझी बोटं आता वळतात.

११ जानेवारी, रविवार

गड्डे तयार आहेत, मुठीएवढे, पांढरे स्वच्छ. भूषणनं एक उपटला, मुळं कापली, पातळ चकत्या केल्या. खाऊन बघितलं. थंड, करकरीत, गोड. मुळ्यासारखं पाणी आणि बडीशेपेची चव. खरंच चांगलं आहे. मला ते गिळवेना.

भूषणनं एक गड्डा शिजवला, वाटला, कपड्यातून गाळून पाण्यासारखं पातळ केलं आणि नळीतून दिलं. नळीतून चव कुठून कळणार? पण त्यानं ती वाटी आधी तिच्या नाकाशी धरली. तिनं वास घेतला. मला बोटानं जवळ बोलावलं. मी कान नेला.

"चांगलं आलंय तुमचं," म्हणाली.

मी बाहेर जाऊन हातपंप हापसत राहिलो, भांडं नसताना.

२० जानेवारी

रात्रीपासून कफ घरघरतोय. ताप आहे. नांदेडला नेऊ का म्हणून भूषणनं विचारलं, तिनं नको म्हटलं. गावातले डॉक्टर घरी येऊन सुई देऊन गेले. जिवनबाई काम सोडून आली आहे, पाय दाबत बसते. राणी संध्याकाळी येऊन आजाऱ्यासाठी म्हणतात तो परित्राण पाठ म्हणून गेली. आता चुकत नाही ती.

मी दिवसभर केशरशी बोलतो. काय बोलायचं ते सुचत नाही, म्हणून रस्त्यांचं सांगतो. कोणत्या वळणावर कोण हात करायचं, कुठल्या गावात गाडी बंद पडली, पुरात पुलावर कसा अडकलो. तीस वर्षांत यातलं काहीच सांगितलं नव्हतं. ती ऐकते की नाही कळत नाही. थांबलो की भुवई हलते.

२४ जानेवारी, शनिवार

सकाळी गेली. मी नळीतून पाणी देत होतो. पाणी आत जायचं थांबलं, तेव्हा कळलं.

२९ जानेवारी

लिहायचं नाही असं ठरवलं होतं. पण भूषण दुपारी झोपला आहे आणि घरात आवाज नाही.

त्या दिवशी माणसं पुष्कळ जमली. अंगण पुरेना. मंडपवाले मागच्या बाजूला आले. एकानं विचारलं, "काका, हितं खांब रोवू का? गवतच दिसतंय."

मी म्हणालो, "रोवा."

त्यांनी वाफ्यात चार खांब रोवले. वर कापड टाकलं, खाली सतरंज्या. बायका दिवसभर बसून होत्या. संध्याकाळी सगळं उठल्यावर बघितलं तर गड्डे फुटून मातीत चेपलेले, आणि सगळीकडं बडीशेपेचा वास. मला वाईट वाटलं नाही. वाटायला हवं होतं की नाही, तेही माहीत नाही.

१ फेब्रुवारी, रविवार

आज केशरचं पुण्यानुमोदन झालं. पाहुणे गेले. भूषणला उद्या पुण्याला जावं लागेल. "बाबा, माझ्यासंगं चला," म्हणाला. मी म्हणालो, बघू.

जिवनबाई मागं गेली होती, भांडी धुवायला. परत आली ती पदरात गड्डे घेऊन. कोपऱ्यातले पाच-सहा वाचले होते.

"दादा, हे खायाचं असतंय ना? मग तुडवू काहून दिलं?"

तिनं ते धुतले, चिरले आणि चुलीवर तुरीच्या डाळीत टाकले, जिरं आणि लसूण घालून. कुणी तिला सांगितलं नव्हतं कसं करायचं. आम्हाला दोघांना वाढलं. स्वतः परातीत घेऊन दाराशी बसली. मी बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवलो, त्याची लाज वाटली.

जिवनबाई चव घेत म्हणाली, "गोड लागतंय. बाईला आवडलं नसतं हे."

"काहून?"

"गोड भाजी कुटं खायाची ती? भोपळा न्हाई, रताळं न्हाई. तुमाला आवडतो म्हणून भोपळा करायची अन् आपल्याला ठेचा वाटून घ्यायची."

माझा घास हातात राहिला. अडतीस वर्षं भोपळ्याची भाजी खाल्ली ह्या घरात. भूषण खाली बघत होता. त्यालाही माहीत असावं.

मी ताट बाजूला सारलं आणि जिवनबाईला म्हणालो, "अजून काय काय आवडायचं न्हाई तिला?"

ती उठायला निघाली होती, तांड्यावर जायला. माझ्याकडं बघितलं. मग परात खाली ठेवली, हात पदराला पुसले आणि पुन्हा उंबऱ्यावर बसली.

"लई हाय दादा," म्हणाली. "कुठून सांगू?"